पुंगळ्या निवडायला बसताना

शनिवारी दुपारी मी गॅरेजातल्या टेबलावर जुनी पांढरी चादर अंथरते, दिवा खाली ओढते आणि बादली उपडी करते. तो खळखळाट ऐकून नवरा दारातूनच विचारतो, "आज काय, तांदूळ की हरभरे?" तांदूळ म्हणजे ९ मिलिमीटरच्या काडतुसांच्या पुंगळ्या, हरभरे म्हणजे .४५ इंचाच्या. हे आकडे गोळीच्या जाडीचे. विनोद अकरा वर्षं जुना आहे, पण चुकीचा नाही. रेंजवरून, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावरून, आणलेल्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्याआधी कशा निवडायच्या, याचे निम्मे धडे मला आजीनं खडकीच्या घरात सूप पुढ्यात ठेवून दिले होते. एका वेळी एक मूठ, ती नीट पसरायची, आणि हात चालू असताना तोंड बंद.

काडतुसात चार वस्तू असतात: पुंगळी, तिच्या बुडातला प्रायमर (दारू पेटवणारी टिकली), दारू आणि गोळी. बार उडाला की तिघांचं काम संपतं, पितळ तेवढं उरतं. पण ते नुसतं डबडं नव्हे. बार उडतो त्या क्षणी पुंगळी फुगते, बंदुकीत काडतूस बसतं त्या चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायूला मागे येऊ देत नाही. हे कुकरच्या रबरी रिंगचं काम झालं. घरच्या कुकरात दर चौरस इंचाला १५ पौंड दाब असतो. ९ मिलिमीटरच्या काडतुसाला कमाल मर्यादा ३५,००० पौंडांची आहे, रायफलच्या .३०८ विंचेस्टरला ६२,००० ची. आणि ही रिंग तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर असते.

पुढे जाण्याआधी कायद्याचं एकदाच सांगून टाकते. हे सगळं अमेरिकेतलं आहे. मी मिसुरीत राहते, आणि इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला परवाना लागत नाही. भरून विकायची असतील तर लागतो. तुम्ही एच-वनसारख्या व्हिसावर असाल तर बंदूकच काय, काडतूस जवळ बाळगण्यालाही केंद्रीय कायद्याची आडकाठी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घ्या, मित्राकडून नको. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, तेव्हा तिथल्या वाचकांनी हे गंमत म्हणून वाचावं. आणि पुण्याला जायच्या बॅगेत भाच्यासाठी म्हणून एक रिकामी पुंगळीसुद्धा टाकू नका. विमानतळावर तुमची गंमत समजून घ्यायला कोणाला वेळ नसतो.

दारू कुठली आणि किती, हे मी इथे लिहिणार नाही. त्यासाठी छापील मॅन्युअल आहेत आणि ती दोन तरी जवळ हवीत. मी फक्त पितळाबद्दल बोलणार आहे.

बादली उपडी करण्याआधी

पुंगळ्या उचलायच्या आधी विचारा. काही रेंजवर जमिनीवर पडलेलं पितळ रेंजच्या मालकीचं असतं. आमच्या क्लबात आपापलं उचलायचं, दुसऱ्याचं विचारून उचलायचं.

दुसरी गोष्ट शिशाची. बहुतेक प्रायमरांत शिशाचं संयुग असतं, आणि पुंगळीतल्या काळ्या काजळीत त्याची राख मिसळलेली असते. पातळ हातमोजे घाला. टेबलावर चहाचा कप नको, शेंगदाण्यांची वाटी नको. स्वयंपाकघरातलं भांडं एकदा या कामाला घेतलं की ते परत जात नाही. पुण्याहून आणलेली माझी एक परात अशीच कायमची गॅरेजात गेली. तिच्या काठाला लाल नेलपॉलिश फासलंय, म्हणजे चुकूनसुद्धा कोणी तिच्यात कणीक मळणार नाही. आणि चष्मा. नंबरचा नव्हे, कडेनं बंद असलेला.

पहिली फेरी फक्त जिवंत काडतुसं शोधण्यासाठी. हसू नका, सापडतात. विशेषतः .२२ ची: घोड्याची खूण उमटलेली, पण न उडालेली. अशी मिळाली तर वेगळ्या डब्यात ठेवायची आणि रेंजवरच्या फुसक्या काडतुसांच्या पेटीत नेऊन टाकायची. गोळी नसलेल्या पुंगळीत न उडालेला प्रायमर राहिलाय का, तेही बघायचं. तेलात बुडवला की प्रायमर मरतो असं काहीजण छातीठोकपणे सांगतात, त्यावर विसंबू नका.

मग लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधला मी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून वापरते. तो चादरीवरून फिरवला की पोलादी पुंगळ्या उड्या मारून चिकटतात. त्यातल्या काहींवर पितळेचा मुलामा असतो आणि डोळा सहज फसतो. अ‍ॅल्युमिनियमच्या चुंबकाला दाद देत नाहीत, पण त्या फिक्या असतात, हातात हलक्या लागतात आणि टेबलावर टाकल्या की कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन पडल्यासारख्या वाजतात. या दोन्ही जाती बाहेर. निकेलच्या पांढऱ्याशुभ्र पुंगळ्या दिसायला अ‍ॅल्युमिनियमच्या बहिणी वाटतात, पण आत पितळच असतं आणि वजनावरून कळतं. त्या चालतात. मी वेगळ्या ठेवते, कारण त्यांची तोंडं लवकर चिरतात.

यानंतर पोटात पोट. .४५ मध्ये .४०, .४० मध्ये ९ मिलिमीटर, ९ मध्ये .२२. बादलीत हिंदकळून त्या एकमेकींत अशा जाऊन बसतात की वरून एकच दिसते. प्रत्येक पुंगळीच्या तोंडात डोकावायचंच. आत नुसतं बूड आणि मधोमध भोक दिसलं पाहिजे.

.३८० ची गोष्ट

९ मिलिमीटरची पुंगळी १९.१५ मिलिमीटर लांब असते. .३८० ऑटोची १७.३. व्यास इतका जवळचा की बोटांना फरक कळत नाही. पहिल्या वर्षी माझ्या एका ढिगात अशी एक धाकटी राहून गेली. तिचं नाव बुडावर स्पष्ट कोरलेलं होतं, पण मी त्या दिवशी फोनवर बहिणीशी बोलत निवडत होते.

प्रेसवर, म्हणजे काडतुसं भरायच्या हातयंत्रावर, ती आली तेव्हा हँडल नेहमीपेक्षा हलकं गेलं. तेवढंच. थांबायला हवं होतं, मी थांबले नाही. गोळी बसवून बाहेर काढली तेव्हा ती अंगठ्यानं दाबल्यावर आत सरकली. बुटकी असल्यामुळे तिच्या तोंडावर साच्याचं (फुगलेली पुंगळी आवळून मापात आणण्याचं) काम झालंच नव्हतं आणि गोळीला पकड नव्हती. पिस्तुलात धक्क्यानं गोळी अशी आत ढकलली गेली तर आतली जागा कमी होते आणि दाब चढतो. त्या संध्याकाळी आधी भरलेली शंभरच्या शंभर काडतुसं मी पुन्हा एकेक करून मापून पाहिली. बाकी सगळी ठीक निघाली, पण जेवायला साडेदहा वाजले.

तेव्हापासून मी पुंगळ्या परातीत उभ्या करते, बूड खाली, तोंड वर, आणि डोळा टेबलाच्या पातळीला आणून आडवं बघते. बुटकी लगेच दिसते, पंगतीत मोठ्यांच्या मध्ये बसलेल्या लहान पोरासारखी.

रायफलमध्ये अशीच, पण कितीतरी वाईट जोडी म्हणजे .२२३ रेमिंग्टन आणि .३०० ब्लॅकआउट. .३०० चं काडतूस .२२३ च्या रायफलीत बसू शकतं, उडूही शकतं, आणि मग जाड गोळीला बारीक नळीत जायला जागा नसते. रायफल फुटते. त्यात भर म्हणजे पुष्कळ लोक .२२३ ची पुंगळी कापून .३०० ची करतात, आणि तिच्या बुडावर ".२२३" हेच कोरलेलं राहतं. म्हणून इथे बुडावरच्या अक्षरांवर भरवसा नाही, कॅलिपरनं घेतलेल्या मापावर. .३०० ची लांबी १.३६८ इंच, .२२३ ची कमाल १.७६०. माझ्याकडे .३०० ची रायफलच नाही, म्हणून तशी पुंगळी दिसली की ती पक्कडीत चेपली जाते. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी डबे वेगळ्या खोलीत ठेवले तरी मी त्यांना हसणार नाही.

धुणं

काजळीखाली चीर दिसत नाही, म्हणून बारीक तपासणीआधी धुणं आलं. आपल्याकडे पितळ म्हटलं की चिंच, लिंबू, राख, आणि नंतर पितांबरी. इथले लोक गरम पाण्यात भांड्यांचा साबण आणि चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड टाकून फिरत्या पिंपात पुंगळ्या घोळवतात. म्हणजे लिंबूच, फक्त पुडीतलं. काही जण अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात कोरडं घोळवतात. तेही चालतं, पण शिशाची धूळ उडते, म्हणून मला ओलं बरं वाटतं.

आम्ल मात्र बेतानं. काडतुसाचं पितळ ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. आम्ल जास्त किंवा वेळ जास्त झाला की पृष्ठभागावरचं जस्त निघून जातं आणि पितळ गुलाबी दिसायला लागतं. मी एकदा दोनशे पुंगळ्या व्हिनेगरात टाकल्या आणि विसरून झोपले. सकाळी लग्नातल्या तांब्याच्या कळशीच्या रंगाच्या झाल्या होत्या. सगळ्या भंगारात.

आणि अमोनिया अजिबात नको. काचा पुसायच्या फवाऱ्यात आणि काही पॉलिशांत तो असतो. ताणाखाली असलेलं पितळ अमोनियानं चिरतं. या चिरण्याला इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात आणि त्यातला सीझन म्हणजे आपला पावसाळा. ब्रिटिश फौजा हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवत. कोरडी हवा येईपर्यंत ती तिथेच, आणि बाहेर काढावीत तर पुंगळ्या चिरलेल्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा मिळून हे करतात, हा उलगडा १९२१ साली छापून आला. क्लबातल्या म्हाताऱ्या मंडळींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना आधी घोड्यांचंच हसू आलं.

धुतल्यावर भरपूर पाण्यानं खळबळून उन्हात वाळवायच्या. जुलैत मिसुरीचं ऊन आपल्या मे महिन्याला हार जात नाही. अंगणात चादरीवर पसरल्या की अगदी वाळवण घातल्यासारखं दिसतं, आणि कावळ्याऐवजी शेजारची मांजर येते. घरच्या ओव्हनमध्ये वाळवू नका, कारण पुन्हा तेच शिसं. पिंपात स्टीलच्या बारीक पिना वापरत असाल तर एखादी पिन आत अडकून राहिली नाही ना, हे प्रत्येक पुंगळी उलटी करून बघायचं.

बुडावरची अक्षरं

आता ढीग पडतात. एफसी म्हणजे फेडरल, आर-पी म्हणजे रेमिंग्टन, विन म्हणजे विंचेस्टर. एलसी म्हणजे लेक सिटी. हा सरकारी कारखाना आमच्याच राज्यात इंडिपेंडन्स गावात १९४१ पासून आहे. लेक सिटीच्या पुंगळीवर पुष्कळदा वर्तुळातला क्रॉस, म्हणजे नाटोची खूण, आणि वर्षाचे दोन आकडे असतात.

एवढा खटाटोप कशाला, असं प्रत्येक नवखा विचारतो. बाहेरून सगळ्या सारख्याच असतात, कारण त्यांना एकाच मापाच्या चेंबरात बसायचं असतं. पण माझ्या काट्यावर .३०८ ची लष्करी पुंगळी नागरी पुंगळीपेक्षा वीसएक ग्रेन जड भरते. (एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. सोनाराच्या गुंजेचा निम्म्याहून थोडा जास्त.) हे जादा पितळ बाहेर असू शकत नाही, म्हणजे ते आत आहे. आत पितळ जास्त म्हणजे जागा कमी, आणि तेवढ्याच दारूला जागा कमी मिळाली की दाब जास्त. एका ढिगासाठी ठरवलेलं माप दुसऱ्या ढिगाला लावायचं नाही ते यासाठी.

लष्करी पुंगळीत प्रायमर गळू नये म्हणून खोबणीच्या काठावर पितळ दाबून कडं केलेलं असतं. जुना प्रायमर जोर लावून निघतो, पण नवा आत जाताना त्या कड्यावर अडतो, चेपतो, आणि चेपताना उडूही शकतो. म्हणून ते कडं आधी साच्यानं दाबून किंवा कातून काढायचं. माझ्या डब्यांवर 'कडं काढायचं' आणि 'कडं काढलं' अशा दोन चिठ्ठ्या आहेत, मराठीतच. .४५ च्या पुंगळीत आणखी एक खोच: बहुतेकांत मोठा प्रायमर बसतो, काहींत लहान. मोठा प्रायमर लहान खोबणीत दाबायचा प्रयत्न कोणी करू नये. धुतल्यावर .४५ चे दोन ढीग करायचेच.

पुंगळीत डोकावल्यावर बुडाशी मधोमध एक भोक दिसलं तर ती बॉक्सर पद्धतीची. दोन बारीक भोकं दिसली तर बर्डनची. बर्डनचा प्रायमर नेहमीच्या मधल्या सुईनं निघत नाही, सुईच मोडते, म्हणून त्या बाजूला. गंमत अशी की बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, दोघांची पेटंटं १८६६ ची. अमेरिकेनं इंग्रजाची पद्धत उचलली आणि युरोपातल्या फौजांनी अमेरिकनाची.

माझ्या कपाटावर अशी एक दोन भोकांची पुंगळी आहे. कॅन्सस सिटीत एका प्रदर्शनात डब्यात हात घालून चाळताना मिळाली, एक डॉलरला. .३०३ ची, काळवंडलेली. अंगठ्यानं बूड पुसलं तर 'के', बाण आणि 'एफ' दिसलं. किर्की फॅक्टरी. आमच्या खडकीचा १८६९ चा दारूगोळा कारखाना, ज्याच्या भोंग्यावर आमच्या आळीतली घड्याळं लागायची आणि जिथे वडील एकतीस वर्षं डबा घेऊन जात होते. ती पुंगळी भरायची नाही, घासायचीही नाही.

चीर, आवाज आणि तार

आता खरं निवडणं. एकेक पुंगळी दिव्याखाली धरून दोन बोटांत फिरवायची. आधी तोंड आणि मान. पितळ दर वेळी फुगतं, साच्यात पुन्हा आवळलं जातं, असं करत करत कडक होतं आणि एक दिवस मानेवर उभी चीर पडते. सुरुवातीला ती पितळावरच्या केसासारखी दिसते. नखानं खरवडून बघा. केस निघतो, चीर निघत नाही.

उन्हाळ्याआधी माठ घ्यायला गेलं की आई तो हातात धरून बोटाच्या पेरानं टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, भदभदला तर कुंभाराला परत. पुंगळ्यांचं तेच. दहाबारा मुठीत घेऊन हलक्या हलवल्या तर चांगल्यांचा आवाज घुंगरांसारखा येतो. एखादी चिरलेली असली तर त्यात एक बोदा आवाज मिसळतो. मग पाच-पाच, मग दोन-दोन करत चोर सापडतो. क्लबातले एक कोच (सगळे त्यांना कोचच म्हणतात) कानाला यंत्र लावतात, तरी हे माझ्याहून आधी ओळखतात.

पोटावर आडवा किंवा उभा तडा असेल, बुडाजवळ एका बाजूला फुगवटा असेल, बुडाच्या सपाटीवर चकचकीत गोल ठसा उमटला असेल, प्रायमर चपटा होऊन कडेपर्यंत पसरला असेल, तर ती बाहेर. हे ठसे आणि चपटे प्रायमर म्हणजे आधीच्या भरणाऱ्यानं दाब चढवला होता याची चुगली असते. बूड एकदा सैलावलं की ते कोणत्याही साच्यानं पूर्वीसारखं होत नाही. आगीत सापडलेलं पितळ कितीही उजळ असलं तरी नको, कारण तापून बूड मऊ पडलेलं असतं. तोंडाचा किरकोळ पोचा मात्र साच्यात निघतो. त्यासाठी जीव टाकू नका.

सगळ्यात जास्त वेळ मी देते ते बुडाच्या जरा वर, आत. रायफलीच्या पुंगळीचं बूड भरीव असतं आणि तिथून वर भिंत पातळ होत जाते. बार उडताना पुढचा भाग चेंबरला चिकटतो आणि मागचा मागे ताणला जातो. साच्यात आपण खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, पुन्हा खाली दाबतो. पुढच्या बाराला पुन्हा ताण. दर वेळी एकाच जागचं पितळ पातळ होतं आणि आतून एक खाच पडते. एक दिवस पुंगळी तिथे दोन तुकडे होते.

माझ्या हातात ती झालीये. .३०३ ची ली-एन्फिल्ड, जुनी ब्रिटिश लष्करी रायफल; तिसऱ्यांदा भरलेली पुंगळी. या रायफलींची चेंबरं मोकळी असतात आणि मी दर वेळी पूर्ण साचा मारत होते, म्हणजे ताण मीच वाढवत होते. आवाज नेहमीसारखाच आला. गालावर गरम फुंकर बसल्यासारखं वाटलं. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारी खिट्टी) मागे ओढला तर बाहेर आलं ते फक्त बूड, नख कापल्यासारख्या चकचकीत काठाचं. वरची नळी चेंबरातच. पुढचं काडतूस अर्थातच बसेना. कोचनी कडेनं बंद चष्म्याकडे बोट दाखवलं, काही बोलले नाहीत, आणि अडकलेला तुकडा काढायचं हत्यार आणायला गेले. आता त्या रायफलीसाठी मी फक्त मान आवळते, खांद्याला हात लावत नाही.

बाहेरून या जागी कधीकधी फिकट चकाकती रेघ दिसते, बुडापासून पाव ते तीन अष्टमांश इंच वर, पूर्ण गोल. पण साच्याच्या काठानंही तिथे एक निरुपद्रवी पट्टा उमटतो, तेव्हा रेघेवरून निकाल देऊ नका. तारेला विचारा. कागदाला लावायची मोठी क्लिप सरळ करा, टोक काटकोनात तीनएक मिलिमीटर वाकवा आणि कानशीनं टोकदार करा. पुंगळीत घालून बुडाला टेकवा, टोक भिंतीला लावा आणि अगदी सावकाश वर ओढा. चांगल्या पुंगळीत तार वाटीच्या आतल्या उतारावरून बोट फिरवल्यासारखी चढत जाते. खाच असेल तर तिथे टोक टक्कन अडकतं. पहिल्यांदा करताना शंका येणार, अडकलं की नाही. त्यासाठी एक नवी पुंगळी आणि एक बाद झालेली शेजारी ठेवून आलटून पालटून तार फिरवा, आणि बाद झालेली हॅकसॉनं उभी कापून बघा. ती खाच एकदा डोळ्यांनी पाहिली की बोटांना कायमची कळते. आणि ढिगातल्या एकीत खाच सापडली तर तितक्याच वेळा भरलेल्या तिच्या बहिणींनाही तार लावायची.

राहिलेली मापं

लांबी मोजायची ती साच्यातून काढल्यावर, आधी नाही, कारण साच्यात पितळ वर सरकतं. .२२३ कमाल १.७६० इंच, कातून १.७५० ला आणतात. .३०८ कमाल २.०१५, कातून २.००५. जास्त लांब राहिली तर चेंबरच्या पुढच्या टोकाला तोंड दाबलं जातं, गोळीला सुटायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्या मी लांबीसाठी कातत नाही.

प्रायमरची खोबणी शेवटी बोटांनीच कळते. नवा प्रायमर बसवताना स्पष्ट विरोध जाणवला पाहिजे. अंगठ्यानं दाबून आत गेला तर ती पुंगळी तिथेच संपली. बंदुकीच्या धक्क्यानं तो गळून पडतो किंवा कडेनं वायू सुटतो.

मग वही. कारखाना, किती वेळा भरलं, कधी कातलं. रेंजवर सापडलेल्या पुंगळीला विकणारा "एकदाच वापरलेली" म्हणतो, पण तो तिच्या लग्नाला हजर नव्हता. म्हणून अनोळखी पितळ मी वेगळ्या डब्यात ठेवते आणि ते सौम्य दाबाच्या सरावालाच वापरते.

बाद झालेली प्रत्येक पुंगळी पक्कडीनं तोंडाशी चेपून मगच भंगाराच्या डब्यात टाकते, नाहीतर कोणीतरी सद्भावनेनं ती परत ढिगात आणून ठेवतो. आमच्याकडे तो कोणीतरी बहुतेक वेळा नवराच असतो. आज बादलीत ६४० होत्या. ३१ पोलादी, ९ अ‍ॅल्युमिनियमच्या, १४ .३८० च्या, २२ चिरलेल्या किंवा फुगलेल्या, एक जिवंत .२२. उरलेल्या ५६३ उद्या पिंपात. चादर अंगणात नेऊन झटकायची नाही, धूळ सगळीकडे उडते. आधी ओल्या फडक्यानं पुसायची, आतल्या बाजूला गुंडाळायची आणि घरच्या कपड्यांपासून वेगळी धुवायची. हातमोजे उलटे करत काढायचे आणि मग हात गार पाण्यानं, साबण लावून, कोपरापर्यंत.